भिंतीवरची अक्षरं

मोठ्या बाईंची जिरवायची, हे मी ठरवलं तेव्हा माझ्या हातात फिनेलची बादली होती. ती त्यांच्या अंगावर ओतली नाही, एवढाच काय तो माझा संयम.

मी त्यांच्या बालवर्गात मदतनीस. सकाळी झाडझूड, मग चोवीस मुलांची नाकं पुसणं, त्यांना शूला नेणं, दुपारी कप विसळणं. माझी नात ठकी त्याच वर्गात. लेक कारखान्यात पाळीवर जाते, म्हणून ठकी माझ्याबरोबर येते आणि माझ्याबरोबरच परत जाते. वय पावणेचार. मोरीपाशी माझ्या शेजारी बसली की तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. पण पहिल्याच आठवड्यात तिने बाईंना विचारलं होतं, "तुम्ही काठी कशाला धरलीय?" बाईंनी तिला तोंडावर बोट ठेवून भिंतीकडे उभं केलं, ते मधल्या सुट्टीपर्यंत. तेव्हापासून वर्गात तिच्या तोंडाला कुलूप. या गोष्टीला पाच महिने झाले.

आणि त्या दिवशी पालकसभेत बाई सगळ्यांसमोर माझ्या लेकीला म्हणाल्या, "तुमच्या मुलीला बोलताच येत नाही. घरी चार शब्द कानावर पडले तर बोलेल ना! आजी फरशा पुसणार, आई मशीन चालवणार. तपासणी झाली की तिचं नाव पटावरून कमी करू. अर्ज लिहून ठेवलाय मी."

लेकीचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली. मी मागे बादली धरून उभी.

शब्द कानावर पडत नाहीत म्हणे! अहो, मी दिवसभर दुसरं करते काय? कप विसळताना तिला विचारते, हा फुटका कप कुणाचा असेल, याचा कान कुठे गेला असेल? मग तोंड मिटून तिच्या उत्तराची वाट बघते. ती म्हणते, कान रुसून गेला. मी विचारते, कुणावर रुसला? झालं, अर्धा तास जातो. कपाटावरच्या, डब्यांवरच्या अक्षरांवर तिचं बोट ठेवून आम्ही मुक्कामच ठोकतो. मी चौथी शिकलेली. मला येतं ते एवढंच. पण वर्गात तेवढंही होत नव्हतं.

वर्गात काय होतं? भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली अक्षरांची पुठ्ठ्याची पाटुकली. पूर्वी त्यांवर चित्रं होती. मुलं चित्रांवरून गप्पा मारत बसतात म्हणून बाईंनी ती कात्रीने कापून टाकली, नुसती अक्षरं ठेवली. काठी दारापासून खिडकीपर्यंत सरकायची आणि मुलं एका सुरात ओरडायची, क कमळाचा, ख खटाऱ्याचा. निम्मी मुलं तर भिंतीकडे बघायचीही नाहीत. नुसती पोपटपंची. बाईंना ते कळत नव्हतं. ओला फडका घेऊन भिंत पुसणाऱ्या मला मात्र कळत होतं.

तपासणीच्या आदल्या दुपारी शाळा सुटली, बाई घरी गेल्या. मी स्टुलावर चढले आणि एकूण एक पाटी हलवली. क खिडकीपाशी, म दारापाशी.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. चष्मा, जाड वही, थकलेला चेहरा. बाईंनी काठी उचलली, पण त्यांची नजर भिंतीवर नव्हती, साहेबांवर होती. मुलांनी ठेका धरला. पाच-सहा अक्षरं झाल्यावर साहेबांनी हात वर केला.

"थांबा. बाळ, हे कोणतं अक्षर?" त्यांनी पहिल्या पाटीवर बोट ठेवलं.

"क कमळाचा!" पुढचा मुलगा ओरडला. पाटीवर म होता.

मग दुसरीला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. एकालाही धड सांगता येईना. बाई तोंडघशी पडल्या. मला हसू दाबता येईना. मग समोरच्या एका मुलीचा ओठ थरथरायला लागला आणि माझं हसू विरलं. तिचा काय दोष होता? पण तोवर डाव खेळून झाला होता.

"आज घाबरलीत हो मुलं," बाई घाम पुसत म्हणाल्या.

साहेब कोपऱ्यात बसलेल्या ठकीपुढे उकिडवे बसले. "तू सांगशील?"

"तिला नका विचारू," बाई म्हणाल्या. "तिला बोलता येत नाही."

ठकीने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोल गं बाई, एक अक्षर तरी बोल.

"तो म आहे," ठकी म्हणाली. "क तिकडे खिडकीपाशी गेला. काल आजीने स्टुलावर चढून सगळी बदलली, आणि ती पडू नये म्हणून मी स्टूल धरलं होतं."

साहेबांनी वही उघडली आणि तिचं सगळं बोलणं शब्द न् शब्द लिहून घेतलं. मग बाईंना म्हणाले, "टेबलावरचा नाव कमी करायचा अर्ज या मुलीचाच ना? तो मी घेऊन जातो. ही इथेच शिकेल." माझ्याकडे वळून ते एवढंच म्हणाले, "मावशी, तुम्ही केलंत ते बरोबर नाही."

त्यांची गाडी वळायच्या आत बाईंनी मला कामावरून काढलं. मी एप्रन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठकीला सोडायला गेले, ती फाटकापर्यंतच. बाई दारात उभ्या होत्या, आजूबाजूला मुलांना सोडायला आलेले आईबाप. ठकी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, स्टूल तर मीपण धरलं होतं. मग एकट्या आजीलाच का काढलं?"

सगळे थबकले. ठकीने पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.