डुगलची वाकडी रेघ

मी एक जुना पितळी पटर आहे, मित्रांनो, आणि गेली एकवीस वर्षं काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे. पटर म्हणजे गोल्फमधली शेवटची काठी. लांबचे फटके मारायला माझे दांडगे भाऊबंद असतात. चेंडू हिरवळीवर आला की त्याला अलगद खळग्यात नेऊन सोडायचं काम माझं. गाव आमचं पिटकारो, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं. कपाटासमोर खिडकी आहे, पण समुद्रावरून धुकं आत आलं की तीही मिटते. मग मला फक्त काचेवर बाहेरून डकवलेल्या माझ्या चिठ्ठीची उलटी अक्षरं दिसतात. चिठ्ठी म्हणते, ‘डुगल रिंटूलचा पटर. याचा नेम चुकत नाही.’

चुकतो. चांगला चुकतो. एकवीस वर्षं हे सांगायला मी तडफडतोय, पण काचेतून ऐकणार कोण?

माझा जन्म टॅम गिलेस्पीच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, लोहाराच्या मागची एक खोली. टॅमने माझं डोकं पितळेचं ओतलं, चेंडूला भिडणारं तोंड कानशीने घासून सपाट केलं, चिवट लाकडाची दांडी बसवली आणि मुठीला मेंढीचं कातडं गुंडाळलं. माथ्यावर मात्र नेम धरायची रेघ मारली नाही. तो म्हणायचा, “तोंड सरळ असलं की पुरे. रेघ बघणारा रेघच बघत बसतो.” लोक त्याला विक्षिप्त म्हणायचे. मला तो फार आवडायचा.

तिथून मी डुगलच्या हातात आलो. डुगल बंदरावर जाळी विणायचा. बोलायला तुसडा, पण हात लोण्यासारखे मऊ. मला तो रोज जवसाचं तेल लावायचा, बायकोला म्हणे कधी हातरुमालसुद्धा आणला नव्हता. आमचं छान चाललं होतं. आणि एका हिवाळ्यात जाळ्यात अडकलेला गळ उडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

डोळा गेला तसा नेमही गेला. एका डोळ्याने बघायचं म्हणून तो मान कलती करून उभा राहायचा. त्यामुळे माझं तोंड खळग्याकडे अगदी सरळ असलं, तरी त्याला ते भलतीकडेच दिसायचं. महिनाभर त्याने चिडचिड केली. मग एका सकाळी कानस घेतली, मान कलती केली आणि त्याच्या उरलेल्या डोळ्याला जी सरळ वाटली ती रेघ माझ्या माथ्यावर मारली. मित्रांनो, ती रेघ उजवीकडे झुकलेली होती. त्याला ती सरळ दिसायची, म्हणून त्याच्या हातात माझं तोंडही सरळ राहायचं. पुढची नऊ वर्षं आम्ही दोघांनी पंचक्रोशी गाजवली. ते माझे सोन्याचे दिवस होते.

डुगल वारला आणि गावच्या गोल्फ क्लबने मला या कपाटात ठेवलं. किल्ली चिटणीस मेल्ड्रमसाहेबांच्या कोटाच्या खिशात असते. दरवर्षी खाडीपलीकडच्या क्रेगी गावाशी सामना होतो. त्यात बरोबरी झाली, तर प्रत्येक गावाने आपला जुना पटर काढायचा आणि पाच पावलांवरून एकच फटका मारायचा. पटर ज्याच्या घरचा, फटकाही त्याच घरचा, अशी रीत. डुगलच्या घरात उरली होती एकटी त्याची मुलगी इशबेल.

या वर्षाआधी तीनदा बरोबरी झाली. तिन्ही वेळा इशबेलने माझी रेघ नीट खळग्यावर रोखली. आता रेघ उजवीकडे झुकलेली. ती खळग्यावर रोखली की माझं तोंड डावीकडे वळणारच. चेंडू तिन्ही वेळा डावीकडून गेला. मी तिच्या हातात होतो, मला सगळं कळत होतं, आणि मला तसूभर हलता येत नव्हतं. कपाटापेक्षा ती कैद वाईट.

गावाची जीभ तर तुम्हाला माहीतच आहे. “बापाचं नाक उचललंन्, हात तेवढा उचलायचा राहिला,” असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. इशबेल मासे धुरवायच्या भट्टीवर काम करते, चाकूसारखी तिखट बाई. पण तिसऱ्या वेळेनंतर तिने खेळणंच सोडलं. आपण बापाचं नाव बुडवलं, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

या वर्षी मेल्ड्रमसाहेब तिच्या दारात गेले. रीत मोडायची नाही म्हणून ती आली. सरावाला चार दुपारी मिळाल्या, त्याही मेल्ड्रमसाहेबांच्या नजरेखाली. पहिल्या दुपारी तिने नाकाच्या शेंड्यावरून चेंडू खाली सोडून पाहिला. तो नेमका खालच्या चेंडूवर पडला. म्हणजे डोळे चेंडूच्या बरोबर वर होते, उभं राहण्यात खोट नव्हती. तरी फटके डावीकडेच. दुसऱ्या दुपारीही तेच. तिसऱ्या दुपारी तिने घरून बाबांचा डांबरी सुतळीचा गुंडा आणि माशांच्या खोक्याचं झाकण आणलं.

चेंडूपासून खळग्यापर्यंत तिने सुतळी ताणून बांधली. झाकणाची एक कड सुतळीला लावली, तिच्या लगतच्या आडव्या कडेला माझं तोंड टेकवलं. तोंड आता काटकोनात, एकदम सरळ. मग तिने वरून माझी रेघ पाहिली. रेघ खळगा सोडून उजवीकडे उभ्या असलेल्या मेल्ड्रमसाहेबांच्या बुटांकडे बघत होती.

इशबेल खाली बसली. सुतळीवरून तिने एकदा बोट फिरवलं.

“साहेब, ही रेघ वाकडी आहे.”

“पोरी, ती तुझ्या बापाच्या हातची आहे.”

“बाबांच्या हातची आहे आणि वाकडी आहे. ते मान कलती करून बघायचे. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. या इकडे, तुम्हीच बघा.”

मेल्ड्रमसाहेब गुडघ्यावर हात टेकत वाकले.

“दिसतंय,” ते म्हणाले. “पण दिसलं म्हणून काय झालं? त्या रेघेवर नऊ वर्षं गाव जिंकलंय. तिला कानस लागू द्यायची नाही.”

“आणि मी तीनदा हरले, ते?”

ते पाईप पेटवत राहिले. चौथ्या दुपारी इशबेल आली, मला हातात घेऊन नुसती बसली आणि गेली. मला वाटलं, संपलं आता.

सामन्यात बरोबरीच झाली. क्रेगीच्या गड्याचा चेंडू खळग्याच्या काठाला लागून बाहेर राहिला. इशबेल पुढे आली. भट्टीवर भाजलेल्या तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. तिने ती सोलली आणि सगळ्यांसमोर माझ्या माथ्यावर, रेघेवर, दाबून बसवली. मागून कुणीतरी म्हणालं, “आता पटरला कुठे लागलं?” लोक हसले. तिने वर पाहिलंच नाही. रेघ झाकली गेली आणि कित्येक वर्षांनी कुणीतरी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिने ते खळग्यासमोर धरलं, श्वास सोडला आणि मला हलवलं.

चेंडू मधोमध पडला.

माणसं नाचली. आणि काय म्हणत होती, ऐका: “डुगलचा पटर! म्हटलं नव्हतं, याचा नेम चुकत नाही!” मेल्ड्रमसाहेबांनी मला घेतलं, नखाने चिकटपट्टी खरवडून काढली, रुमालाने रेघ लख्ख पुसली आणि मला पुन्हा आत ठेवून किल्ली फिरवली. ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

सगळे गेल्यावर इशबेल काचेशी आली. हळूच म्हणाली, “बाबा, तुमची रेघ तुमच्यासाठी बरोबर होती हो. मीच वेडी, ती स्वतःवर लावून बसले.” डोळे पुसले आणि गेली. आता ती बिनरेघेच्या साध्या पटरने खेळते. खिडकीतून मला तिचं हसणं ऐकू येतं. ती सुटली, मित्रांनो. मी आतच आहे.

तर माझं एवढं ऐका. थोरांनी दिलेली वस्तू जपा, तिला तेल लावा, पण तिच्यावरची रेघ एकदा सुतळी धरून तपासा. नेम चुकला की लगेच स्वतःच्या हाताला बोल लावू नका. आणि कधी पिटकारोला आलात, तर मेल्ड्रमसाहेबांकडे किल्ली मागा. माझ्या माथ्याच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा थोडा गोंद अजून आहे. तेवढा तरी पुसू नका, असं त्यांना सांगा.