निवडलेले शंभर दाणे

कस्तुराबाई रोज सकाळी देवासाठी एकवीस अक्षता निवडत. चाळीस वर्षांच्या नेमानं बोटांना अशी सवय जडली होती, की तुटका दाणा आपोआप बाजूला सरायचा.

आजही सरला, आणि त्यांचा हात तसाच थांबला. शेजारच्या विमलनं घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलं होतं. उगवण तपासायला त्यातले शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळले होते ते याच बोटांनी. दाणे हाताला येतील तसे घ्यायचे असतात. आपण टपोरे तेवढेच वेचले! नव्वदांना मोड आले, अन् आपण म्हणालो, "बिनघोर पेर."

वावरात निम्मंही उगवलं नव्हतं. सारं गाव बोल लावत होतं पेरणीची तिफण हाकणाऱ्या पुंजाजीला. कुणाला कळणार होतं? पण दिव्याला काडी लावायला हात धजेना. पूजा तशीच ठेवून त्या वावराकडे निघाल्या.

बांधावर विमलच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "ईतभर खोल बी टाकलं! डोळे फुटले होते काय?" पुंजाजी मान खाली घालून ढेकूळ चुरत होता.

"विमल, भाऊले बोलू नोको. चूक माही हाये."

"तुमी कायले पांघरून घालता, काकू?"

"पांघरून नाई व. ते शंभर दाणे म्या निवडून घेतले होते. चांगले चांगले."

विमल बघतच राहिली. पुंजाजीनं मान वर केली. "म्हंजे वयनी, परीक्षेले हुशार पोरंच बसोले म्हना!"

विमलला हसू आलं नाही. "माहा हंगाम बुडते ना आता, काकू."

"बुडू नाई देत. माह्या घरी बी उरलं हाये. तेच माह्या वावरात उगोलं, पाहून ये. जमिनीत वल हाये तोवर रिकाम्या जागी दाणा दाणा टोबू. मी येतो संग."

विमल पुंजाजीकडे वळून पुटपुटली, "भाऊ, लय बोललो तुमाले."

"तिफणीले सांग," म्हातारा म्हणाला, "तिले लागलं."

उन्हं चढली तेव्हा तिघंही पेरणीच्या तासात वाकलेली होती. कस्तुराबाईंची बोटं पुन्हा फुटका दाणा बाजूला सारू लागली, आणि दचकून थांबली.

"निवडा, काकू," विमल ओंजळ पुढे करत म्हणाली. "आता पायजे तेवढे निवडा."