गारीगारच्या पेटीतून

थेंब तिनंच पाजले होते. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

मारान्योन नदीकाठच्या त्या गावात एदिल्मा अकरा वर्षं नर्स होती. दीड वर्षाच्या मिलूस्काला तिनं पोलिओचे दोन थेंब दिले, पोरगी तोंड वाकडं करून रडली. तीन आठवड्यांनी तिला ताप आला आणि एका सकाळी डावा पाय लुळा पडला. काल कोंबड्यांमागं पळणारी पोर! आज पाय उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली.

"तुझ्या थेंबांनीच खाल्लं माझ्या नातीला," तिची आजी ओर्फिलिंदा दारातच कडाडली. "आता गावातल्या एका लेकराच्या तोंडाला तुझी बाटली लागू देणार नाही मी."

लाखो लेकरांत एखाद्याला थेंबांतलाच विषाणू बाधतो, हे एदिल्माला शिकवलेलं होतं. ते एखादं लेकरू मिलूस्काच असेल तर?

खरं काय ते पोरीच्या शीतूनच कळणार होतं. सलग दोन दिवस दोन डब्या भरून तिनं बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि प्रयोगशाळा असलेल्या इकीतोस शहराची बोट पकडली. प्रवास दोन दिवसांचा, आणि नियम कडक: पेटी उघडताना आत बर्फ हवा, नाहीतर नमुना फुकट. दुसऱ्या दुपारी बोट वाळूत रुतली. सहा तास! बर्फाचं पाणी झालं. एदिल्मानं खलाशाला, नदीला, स्वतःच्या नशिबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

शेजारची बाई अग्वाखेच्या फळाची गारीगार विकायला नेत होती.

"किती आहेत गं?"

"चाळीस."

"सगळी दे."

"अगं बाई, एकटी खाणार एवढी?"

"मला नकोत. या पेटीतल्या शीला हव्यात."

अख्ख्या बोटीत हशा पिकला. गारीगार मात्र सगळी मिळाली.

प्रयोगशाळेतल्या तेओबाल्दोनं पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. "नमुना आणलास की दुकान थाटायला आलीस?" मग त्यानं एक गारीगार दाबून पाहिली. अजून कडक होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला यंत्राच्या पडद्यासमोर बसवलं. "विषाणूचं चिटोरं सापडलं की यंत्र एकाचे दोन करतं, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा चाळीस फेऱ्या. निळी रेघ पोलिओच्या सगळ्या भावकीची. लाल फक्त पोलिओची, तुझ्या थेंबांतला धरून. जो असेल त्याची रेघ चढेल."

विसाव्या फेरीला निळी रेघ हलली. मग उठली, मग सरळ वर चढत गेली. एदिल्माच्या अंगावर सरसरून काटा आला. कुणाच्या डोळ्याला कधी न दिसलेलं, एका लेकराचा पाय घेऊन गेलेलं ते, गारीगारमध्ये बसून नदी उतरून आलं होतं आणि आता तिच्यासमोर उभं होतं. शिवी द्यावी की हात जोडावेत तेच तिला कळेना.

लाल रेघ पडून होती. तीस. पस्तीस. चाळीस. दोन्ही नमुन्यांत तशीच.

"तुझे थेंब नाहीत," तेओबाल्दो म्हणाला. "भावकीतलाच दुसरा कुणीतरी. नाव आठवड्यात कळेल. औषध त्याच्यावरही नाही."

ती तिथंच खुर्चीत बसून हमसून हमसून रडली.

थेंबांच्या नव्या बाटल्या पेटीत घेऊन ती परत आली आणि घरी न जाता आधी आजीकडे गेली.

"पाहिलंस त्याला?" आजीनं विचारलं.

"त्याची रेघ पाहिली, आजी. थेंबांतला नव्हता तो." मग तिला राहवेना. "पण थेंबांतला असता ना, तरी हीच बोट पकडून तुम्हालाच आधी सांगायला आले असते."

आजी आत गेली आणि धाकट्या लेकीचं पोर काखेत घेऊन आली. त्याचे गाल दाबून तिनं तोंड उघडलं.

"पाज."

एदिल्मानं बाटली पोराच्या ओठांवर धरली. आजीनं तिचं मनगट धरून बाटली तिरपी केली. चटईवर मिलूस्का एक पाय हलवत, एक पाय तसाच ठेवून, दोघींकडे बघत बसली होती.