हँडब्रेक धरत नाही

वाल्मीकने देवळालीच्या कुणा निवृत्त साहेबाकडून ती लाल विलायती गाडी घेतली तेव्हा सगळी कॉलनी हसली. दोनच सीट, वर टप नाही, आणि सेल्फ जळालेला. हँडल मारावं तर तेही साहेबाच्या बंगल्यात कुठेतरी हरवलेलं. नाशकातल्या द्वारका चौकातल्या एका वायरमनने दोनदा सेल्फची मोटर भरून दिली. दोन्ही वेळा आठवड्यात धूर. "अख्ख्या जिल्ह्याला वीज पुरवतो आणि स्वतःची गाडी ढकलून सुरू करतो," असं एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात सगळे त्याला चिडवत. तो तिथे स्विचयार्डात, मी ऑफिसात टायपिस्ट. नाशिकरोडला आमची घरं समोरासमोर.

ढकलायचं काम माझ्याकडे आलं. कसं आलं ते विचारू नका, आलं. मी पदर खोचून धक्का द्यायचे, तो क्लच सोडायचा, गाडी खोकत सुरू व्हायची. थांबवली की बंद, म्हणून तो दार उघडून हळू चालवायचा आणि मी पळत जाऊन आत उडी मारायची. कॉलनीच्या फाटकाशी ती हमखास पुन्हा बंद पडायची, की परत तोच खेळ. बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. बघू देत! एकलहऱ्यापर्यंतचा तो रस्ता हाच माझा अख्खा दिवस होता.

"उतारावर का नाही लावत? एकट्यालाही सुरू करता येईल," मी एकदा विचारलं.

"हँडब्रेक धरत नाही," तो म्हणाला.

एकोणऐंशीत त्याची भुसावळला बदली झाली. निघायच्या सकाळी मागे ट्रंक बांधलेली, शेजारची सीट रिकामी. पुसलेली काच पुन्हा पुसत तो म्हणाला, "तिकडे धक्का द्यायला कोण मिळणार?"

चार वर्षांत हा माणूस मनातलं एक अक्षर बोलला नव्हता, आणि आज काळजी कसली, तर गाडीची! माझं डोकं फिरलं.

"का? भुसावळला माणसं राहत नाहीत?"

तो आत बसला. मी ढकललं. गाडी हलेना. पुन्हा जोर लावला, तरी तसूभर नाही. मग माझी नजर आत गेली.

"अहो, हँडब्रेक ओढलाय तुम्ही!"

मग त्याने ब्रेक सोडला. मी ढकललं, गाडी सुरू झाली. नेहमीच्या जागी त्याने वेग कमी केला, दार उघडलं. मी मात्र काळे हात घेऊन मागेच उभी. हँडब्रेक धरतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. धरतो. चार वर्षं धरत होता.

कळलं तशी मी धावले, पण तोवर दार लागलं होतं. फाटकाशी बंद पडेल, पडतेच रोज मेली, म्हणत मी पळत राहिले. त्या दिवशी मात्र ती एकदाही न अडखळता फाटकाबाहेर गेली.