ताग्यातली रायफल

सरकारी पाकीट दारात आलं, की भल्याभल्यांची झोप उडते. टेलरबाईंनी ते पाकीट कात्रीने उघडलं, उभ्याउभ्याच वाचलं, मशीनच्या खणात टाकलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही जोडायला बसल्या. बाही उलटी जोडली गेली. हयातीत असं कधी झालं नव्हतं.

"बाई, बरं नाही का?" समोर बसलेल्या बाईने विचारलं. लहानखुरी, अबोल बाई. काजं करावीत तर तिनेच, म्हणून गल्लीभर तिला काजवाली म्हणत. दुकान आणि मागचं घर एकच होतं, आणि त्याची एक किल्ली तिच्याकडे असे.

"काही नाही गं. डोळे दगा द्यायला लागलेत."

डोळ्यांचा काही दोष नव्हता. पत्रात साध्या शब्दांत लिहिलं होतं. गावातलं नेमबाजी मंडळ बंद पडल्यामुळे शस्त्र बाळगायला कारण उरलेलं नाही, म्हणून तुमच्या नावावरच्या रायफलची नोंदणी रद्द झाली आहे. महिन्याच्या आत ती ठाण्यात जमा करा, नाहीतर अधिकृत कारागिराकडून कायमची निकामी करून घ्या. तसा दाखला दिलात, तर ती आठवण म्हणून घरी ठेवता येईल.

निकामी! त्या शब्दानेच त्यांच्या काळजात चर्र झालं.

रायफल मुळात त्यांच्या नवऱ्याची. माणूस पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळजोडण्या मोजत आयुष्यभर बसला, पण रविवार उजाडला की तो वेगळाच होई. दाढी गुळगुळीत, बूट चकाचक, खांद्यावर रायफलची पिशवी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने बायकोलाही मैदानावर नेलं. पहिल्या बाराला बाई इतक्या दचकल्या, की गोळी निशाणावर न जाता मागच्या मातीच्या बांधात घुसली. तो हसला नाही. मागे उभा राहिला, त्यांच्या कोपराखाली आपला तळवा धरला आणि कानाशी म्हणाला, "अर्धा श्वास सोड. आता थांब. घाई कुणाला आहे?"

घाई कुणालाच नव्हती. मग एके दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, तो जरा पडतो म्हणून आडवा झाला आणि उठलाच नाही.

त्यानंतर रायफल बाईंच्या नावावर झाली. पुढे मैदानाची जागा गेली, मंडळातले लोक पांगले, काडतुसं संपली. तरी दर रविवारी बाई कपाटाचं कुलूप काढत, रायफल मांडीवर आडवी घेत आणि तेलाच्या फडक्याने हळूहळू पुसत. त्या तेलाचा वास खोलीत पसरला, की वाटे, आता दार वाजेल आणि ते विचारतील, "झाली का तयारी?" गोळी झाडायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. हवा होता तो फक्त कोपराखालचा तळवा. तो जगात कुठेच मिळत नव्हता, म्हणून त्या लाकडी दस्त्यावर हात फिरवत बसत.

संध्याकाळी धाकटे दीर आले. भाऊजींकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असे. बहुतेक वेळा चुकीचं, पण तयार.

"त्यात काय एवढं, वहिनी? हरवली म्हणून सांगा. मागे घराला रंग दिला तेव्हा सामान बाहेर काढलं होतं ना? तेव्हा गेली म्हणा. कोण येतंय बघायला?"

"खोटं बोलू?"

"दादाची शेवटची वस्तू आहे ती! तुम्ही काय दरोडा घालणार आहात? कायदा चोरांसाठी असतो. आपण सरळ माणसं."

बुडत्याला काडीचा आधार, तसा बाईंना तो सल्ला वाटला. दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात गेल्या आणि मान खाली घालून सांगून आल्या, की घराला रंग दिला तेव्हापासून रायफल सापडत नाही. घरी येऊन त्यांनी जाड सुटिंगचा एक तागा उलगडला, आत रायफल ठेवली, कापड पुन्हा घट्ट गुंडाळलं आणि तो तागा सगळ्यांत वरच्या फळीवर सरकवून दिला. खाली उभं राहून पाहिलं. इतर ताग्यांसारखाच तागा. आता हे कुठे जाणार नाहीत, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या त्या दिवशी पोटभर जेवल्या.

पण वाचकहो, हरवलेली छत्री आणि हरवलेली रायफल यांत फरक असतो. छत्री हरवली तर आपण भिजतो. रायफल हरवली तर सगळ्या गावाला घोर लागतो. ती कुणाच्या हाती पडली? उद्या कुणावर रोखली जाईल? पोलीस स्वस्थ बसतील कसे?

चौथ्या दिवशी ते आले. घर कुणाकुणासाठी उघडं असतं? किल्ली कुणाकडे आहे? रंगकाम झालं तेव्हा कोण होतं? रंगारी तर कधीचा गाव सोडून गेला होता. राहिली काजवाली.

"साहेब, ती तसली नाही हो," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"मग कोण तसलं आहे?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं. बाई मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागल्या.

त्याच दुपारी काजवालीच्या एका खोलीच्या घराची झडती झाली. गाद्या उसवल्या, डबे पालथे घातले. तिचा नवरा मालवाहू गाडीवर होता, तो परगावी. तिला ठाण्यात नेलं, दिवे लागेपर्यंत प्रश्न विचारले आणि सोडलं. हाती काही लागलं नाही. पण शेजारपाजारच्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? विस्तवाशिवाय धूर निघत नाही, असं जो तो म्हणू लागला. घरमालकाने तिला दुसरी जागा बघायला सांगितलं.

सकाळी ती दुकानात आली ती बसायला नाही. तिने किल्ली मशीनवर ठेवली.

"बाई, एवढी वर्षं तुमच्याकडे काढली. तुमची एक सुई तरी माझ्या पदराला लागून गेली का कधी?"

"नाही गं."

"मग हे मोठ्याने सांगायला तुमचं तोंड कुणी शिवलं होतं?"

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. बाईंनी मान वर करून पाहिलं नाही. वर फळी होती.

दुपारी वन्सं आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. जन्म सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात परिचारिका म्हणून काढलेली. आवाज खणखणीत आणि नजर अशी, की ताप मापायला थर्मामीटर लागू नये.

"गल्लीत काय ऐकतेय मी? काजवालीने बंदूक चोरली? तिला उंदीर दिसला तर ती टेबलावर चढते!" वन्सं खुर्चीत बसल्या. "आणि तू अशी का दिसतेस? जेवलीस का?"

टेलरबाईंनी स्टूल पुढे ओढलं. त्या स्टुलावर चढल्या, तागा खाली ओढला आणि वन्संच्या पुढ्यात उलगडला. कापडाची शेवटची घडी सुटली आणि तेलाचा वास खोलीभर पसरला.

वन्सं पुढे वाकल्या. त्यांनीही दस्त्यावर हात ठेवला. भाऊ त्यांचाही होता.

"मला ही नेऊ द्यायची नव्हती, वन्सं," बाई रडू लागल्या. "रविवारी ही मांडीवर असली, की ते जवळ असल्यासारखं वाटतं. बाकी काय उरलंय माझ्याजवळ? कपडे तुम्हीच वाटून टाकायला लावलेत. घरात त्यांचा वास असा उरला तो एवढाच."

"कळतंय मला. मला नाही कळणार तर कुणाला?" वन्संचा आवाज मऊ झाला, पण थांबला नाही. "पण ऐक. माझ्या नोकरीत गोळी लागलेली माणसं स्ट्रेचरवर यायची ना, त्यांत दरोडेखोराने मारलेला एखादा मला आठवतसुद्धा नाही. बहुतेक जण घरच्याच बंदुकीने पडलेले. कुणाचा राग अनावर झाला, कुणाला जगणं नकोसं झालं, कुणी सहज बघायला हातात घेतली. आणि बरोबर आलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा. आम्ही सरळ माणसं हो, सिस्टर!"

"पण माझ्याकडे काडतूसही नाही."

"तुझ्याकडे नाही. चोराकडे असेल. उद्या तुझे डोळे मिटले, की ही कुणाच्या हाती जाईल? कागदावर ती हरवलेली. म्हणजे तिला धनी नाही, हिशेब नाही. अगं, कायदा म्हणजे काय मापाने शिवलेला कोट आहे, की आपल्या अंगाला बसला तर घालायचा, नाहीतर खुंटीला टांगायचा? आणि तुझ्या खोट्यापायी त्या गरीब बाईच्या गाद्या फाडल्या. माझा भाऊ एक फैर चुकली तरी स्वतःहून पंचाला सांगायचा. हे त्याला आवडलं असतं?"

बाईंना एकदम ते मैदान दिसलं. ऊन, मातीचा बांध, आणि पंचाकडे चालत जाणारा तो माणूस. 'बार आधी सुटला माझा, गुण कापा.' अरेरे! ज्याला जपायला निघाल्या, त्यालाच त्यांनी ताग्यात गुंडाळून गुदमरवलं होतं!

"चला, वन्सं," त्या डोळे पुसत उठल्या. "आत्ताच. उद्यावर टाकलं तर माझा धीर सुटेल."

भाऊजींना फोन केला, तर ते म्हणाले, मी असं कुठे म्हटलं होतं, मी आपलं बोलता बोलता बोललो.

ठाण्यात बाईंनी सगळं सांगितलं. कुणाच्या सल्ल्याने केलं, हे मात्र सांगितलं नाही. जीभ माझी, चूकही माझी, एवढंच म्हणाल्या. अधिकाऱ्याने रायफल उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि टेबलावर ठेवली.

"खोटी माहिती दिल्याचं प्रकरण तुमच्यावर होईल. टळणार नाही."

"होऊ द्या." बाईंची नजर टेबलावरच्या रायफलवर गेली. "साहेब, एक विचारू? ती निकामी करून... नुसती घरी ठेवता येईल?"

अधिकाऱ्याने मान हलवली. "मुदतीत सरळ आला असतात, तर ठेवता आली असती. कारागिराने नळी बुजवली असती, आतला खटका काढला असता, आणि तुम्ही ती भिंतीवर लावली असती. लपवलेलं शस्त्र परत देता येत नाही. ते वितळवायला जाईल."

म्हणजे खरं बोलल्या असत्या, तर ती घरीच राहिली असती! खोट्याने वाचवायला गेल्या आणि खोट्यानेच गमावून बसल्या. बाईंनी दस्त्याला शेवटचा हात लावला. लाकूड थंड होतं. नुसतं लाकूड.

बाहेर पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "घरी चल, चहा घेऊ."

"आधी तिच्याकडे."

काजवाली सामान बांधत होती. बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि शेजारच्या खिडक्यांना, जिन्यातल्या बायकांना, वरून डोकावणाऱ्या घरमालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रायफल माझ्याच घरात होती! मी लपवली होती. ही बाई निर्दोष आहे. चोर कुणी असेल तर मी आहे!"

घरमालक खाकरला आणि आत गेला. रात्री त्याने निरोप पाठवला, की जागा सोडायची गरज नाही.

"बाई, तुम्ही आलात हे बरं केलंत," काजवाली म्हणाली. "पण कामावर यायचं मला आत्ता विचारू नका. माझं मन अजून दुखतंय."

"विचारत नाही. मी वाट बघेन."

ती कित्येक आठवडे आली नाही. रविवारही आले आणि गेले. मांडी रिकामी असे, खोलीला कापडाचा आणि खडूचाच वास येई, आणि बाईंना नवरा पूर्वीसारखाच हवाहवासा वाटे. ती ओढ कमी झाली नाही. ती कमी व्हावी, असंही त्यांना वाटलं नाही. पण आता त्याची आठवण आली, की मान वर करायची भीती वाटत नसे.

मित्रहो, तुमच्याआमच्या घरांतही अशी एखादी वस्तू असेल, जिची नोंदणी संपली आहे, पण जिच्यातून आपला जीव सुटत नाही. कायद्याने परत मागितली, तर ती सरळ हाताने द्या. वस्तू जाईल, माणूस जाणार नाही. आपलं प्रेम जरूर जपा. पण असं जपा, की त्यापायी दुसऱ्या कुणाच्या दारात पोलीस उभे राहू नयेत.