ओस पडलेला रस्ता

ज्या रस्त्यावर सायकलींची वर्दळ जास्त, तिथेच सायकलींसाठी वेगळी वाट होणार होती. म्हणून कारखान्याजवळच्या चौकात मोजणीदार बसला होता. काकू लेकाची सायकल ढकलत पुन्हा त्याच्यासमोरून गेल्या.

"काकू, एकाच माणसाला कितीदा मोजू?"

"मोज की. तुझं काय जातंय? पूर्वी भोंगा झाला की सायकलींनी हा रस्ता दिसायचा नाही."

"आता सगळे गल्लीतून वळसा घालतात."

"माझा लेक इथे ट्रकखाली गेला, तेव्हापासून घालतात. तेही लिही."

"त्याला रकाना नाही हो."

संध्याकाळी मोजणी आटोपून त्याने स्वतःची सायकल काढली आणि काकूंकडे न बघता गल्लीकडे वळवली. त्याला 'याच रस्त्याने जा' म्हणायला काकूंची जीभ रेटेना.

"जपून जा रे," एवढंच त्या म्हणाल्या.