गप्प केलेला ब्रेक पॅड

मित्रांनो, मी एक जुना, घासून संपलेला ब्रेक पॅड आहे. मोटारीच्या चाकाआड माझी जागा. तिथं चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते. चालकानं ब्रेकवर पाय दिला, की मी त्या चकतीला गच्च धरतो आणि गाडी थांबते. दर वेळी धरताना मी थोडा झिजतो. माझा जन्मच झिजण्यासाठी आहे, त्याबद्दल माझं काही रडगाणं नाही. माझं दुःख वेगळं आहे.

कारखान्यात मला घडवणाऱ्यांना माझं झिजणं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माझ्या कडेला पोलादाची एक बारीक पट्टी बसवली. माझं अंग पातळ झालं, की ती पट्टी चकतीला टेकते आणि चीं चीं असा कान किटवणारा आवाज येतो. लोकांना वाटतं, गाडी उगाच किरकिर करतेय. अरे बाबांनो, उगाच ओरडायला मला काय वेड लागलंय? मी संपत आलो, मला बदला, एवढंच मी सांगत असतो. दुसरं काही बोलता येत नाही मला.

शेंद्र्याच्या बद्रीनाथभाऊंच्या गाडीला, पुढच्या डाव्या चाकात मला बसवलं. भाऊ थोडी शेती बघायचे आणि कंपनीत पाळीवर जायचे. गाडी जुनी घेतलेली, पण रोज पुसून लख्ख. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, आशाबाई बसायच्या. म्हणजे मी अगदी त्यांच्या पायाखालीच. एकदा जालना रोडवर म्हैस आडवी आली, तेव्हा मी अशी काही पकड घेतली, की भाऊ स्टिअरिंगवर हात फिरवत म्हणाले, "ब्रेक लई भारी हाय आपल्या गाडीचा." आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं, आणि तेही गाडीच्या नावावर गेलं.

तीन वर्षं गेली. मी पातळ झालो आणि ओरडू लागलो. पहिल्यांदा ऐकलं ते आशाबाईंनी.

"अहो, माझ्या पायाखालून कायतरी वरडतंय."

"धूळ बसली असंल," भाऊ म्हणाले.

मग गाडीतला लाल दिवा लागला. आम्ही पॅड झिजलो, की ब्रेकच्या टाकीतलं तेल खाली जातं आणि तो दिवा लागतो. भाऊंनी टाकीत तेल ओतलं. दिवा विझला, भाऊ खूश. माझ्याकडं कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. असा राग आला होता मला!

त्या सुमारास भाऊंच्या धाकट्या भावाचं, बन्सीचं लग्न बिडकीनच्या मुलीशी ठरलं. नवरानवरीची गाडी म्हणून हीच सजणार होती. हळदीच्या आदल्या दिवशी आशाबाईंनी हट्टच धरला, तेव्हा कुठं भाऊ गाडी संभाजीनगरला मोहियोद्दीनभाईंच्या गॅरेजवर घेऊन गेले. भाईंनी चाक उतरवलं आणि माझ्या अंगाला नख लावून पाहिलं.

"बद्रीभाऊ, हा तर कागदाएवढा राहिलाय. गाडी जुन्या मॉडेलची, पॅड मागवावे लागतील. उद्या दुपारपर्यंत येतात. गाडी इथंच ठेवा."

"उद्या हळद हाय, भाई. गाडीबिगर कसं जमंल? तुम्ही आवाज तेवढा बंद करून द्या. नवरी घेऊन येताना गाडी अशी केकाटली, तर बिडकीनचे पाव्हणे काय म्हणतील? जलमभर नावं ठेवतील."

हे चूक आहे, हे मोहियोद्दीनभाईंना पक्कं ठाऊक होतं. पण लग्नघरातून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, या भिडेपायी त्यांनी पक्कड उचलली आणि माझी पट्टी मोडून काढली.

"लग्न झालं की सरळ इकडं यायचं," ते म्हणाले. "आणि तोवर घाटात जायचं नाही."

"व्हय, व्हय," म्हणत भाऊ निघाले.

लग्न थाटात झालं. झेंडूच्या माळा घातलेली गाडी बिडकीनहून नवरीला घेऊन आली, आणि कुठंही हूं की चूं झालं नाही. माझं उरलेलं अंग मात्र झिजतच होतं. नवे पॅड वेळेवर आले होते. भाईंनी दोनदा फोन केला. "घरात पाव्हणे हायेत, येतोच," भाऊ दोन्ही वेळा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला वेरूळला, घृष्णेश्वराच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. गाडीत बसता बसता आशाबाईंनी विचारलं, "अहो, ते पॅड बदलायचे राह्यले ना?"

"आता आवाज येतो का?"

"नाय."

"मग? बस गुपचूप. देवाला निघताना कशाला मोडता घालती?"

आशाबाई गप्प बसल्या. नव्या नवरीसमोर वाद नको, असं त्यांना वाटलं असावं.

दर्शन झालं. परतताना खुलताबादच्या पुढं घाटाचा उतार लागला. भाऊ सारखे ब्रेक दाबत होते. काही वळणांतच माझं उरलंसुरलं अंग संपलं आणि लोखंडावर लोखंड खरवडू लागलं. आता घर्र घर्र असा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला, पण फार उशीर झाला होता. तापून ब्रेकचं तेल उकळलं आणि भाऊंच्या पायाखालचं पायडल थेट तळाला गेलं. समोरून प्रवाशांनी भरलेली एसटी वर येत होती. तिला चुकवायला भाऊंनी गाडी डावीकडं, डोंगराच्या अंगावर घातली.

भाऊ वाचले. बन्सी वाचला. नव्या नवरीचा हात मोडला, पण ती वाचली. खडकावर आपटली ती डावी बाजू. आशाबाई जागीच गेल्या.

मी तिथंच होतो, मित्रांनो, त्यांच्या पायाशी. त्या गाडीत माझं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसासाठी मला चकती धरता आली नाही. पार कोसळलो मी.

पुढं त्या मोडक्या गाडीतून मोहियोद्दीनभाईंनी मला काढून आणलं. आता कुणी नुसता आवाज बंद करायला सांगितलं, की ते मला त्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "नवे पॅड बसल्याशिवाय गाडी हलणार नाही." काही जण तणतणत दुसरं गॅरेज गाठतात. भाई त्यांना थांबवायला रस्त्यापर्यंत मागं जातात.

गेल्या आठवड्यात बद्रीनाथभाऊ आले. ते आता गाडी चालवत नाहीत, बसनं येतात. त्यांनी मला उचललं.

"भाई, हा डावीकडचाच ना?"

"व्हय."

"तिनं मला बजावलं होतं."

"मला तर कुणी सांगायचीही गरज नव्हती, भाऊ," भाई म्हणाले. "मला माहीत होतं."

दोघंही मान खाली घालून बसले. त्यांची कीव करावी की त्यांच्यावर संताप करावा, मला समजेना.

मित्रांनो, तुम्ही अजून गाडी चालवत नाही, पण गाडीत बसता. तुमचे कान मोठ्यांपेक्षा तिखट असतात. चाकातून चीं चीं ऐकू आलं, लाल दिवा लागला, ब्रेक पूर्वीसारखा धरत नाही असं वाटलं, तर लगेच सांगा. मोठी माणसं "बस गुपचूप" म्हणाली, तर पुन्हा सांगा. आणि पॅड न बदलताच आवाज थांबला, तर गाडी थांबवायला सांगून खाली उतरा आणि चाक उघडून पाहिल्याशिवाय पुन्हा आत बसू नका. आशाबाई माझ्यासाठी तीनदा बोलल्या. चौथ्यांदा बोलायला त्या राहिल्या नाहीत.